लगाम सैल सोड, शिट्टी जपून मार

ऐरोलीच्या एका बारावीतल्या मुलाने विचारलंय: "दादा, रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये माझा चौथा घोडा मेला. पहिला रेल्वेखाली, दुसरा कड्यावरून, तिसरा लांडग्यांच्या तावडीत आणि परवा पांढरा अरबी गोळीबारात. तो पकडायला मला तीन रात्री लागल्या होत्या. सगळे सांगतात रिव्हायव्हर जवळ ठेव. ठेवतो, तरी घोडे मरतातच. घोडा जिवंत ठेवायचा तरी कसा?"

चारही घोडे कसे गेले ते तू नीट लिहिलंस, हे बरं झालं. मरणं चार प्रकारची आहेत, पण मला त्यांत एकच चूक दिसते. तू घोड्याला मोटरसायकल समजून चालवतोयस. मोटरसायकलला डोळे नसतात, कान नसतात, भीती नसते. या गेममधल्या घोड्याला ते सगळं दिलेलं आहे, आणि ते वापरू दिलं तर तो बऱ्याच वेळा स्वतःचा जीव स्वतः वाचवतो. रिव्हायव्हर हा घोडा पडल्यानंतरचा इलाज झाला. मी पडण्याआधीचं सांगतो.

मी राहायला ठाण्यात, पण कोपरखैरण्याला माझी सहा कम्प्युटरची छोटी गेमिंगची जागा आहे. हा गेम, म्हणजे जुन्या अमेरिकेतल्या घोडेस्वार दरोडेखोरांची गोष्ट, ऑक्टोबर २०१८ मध्ये प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये कम्प्युटरवर. तेव्हापासून, लॉकडाऊनचे महिने सोडले तर, माझ्याकडे रोज कुणी ना कुणी तो खेळत असतं. मी स्वतः कथा तीनदा पूर्ण केली आहे. पण घोड्यांबद्दल जे काही शिकलो ते बहुतेक पोरांच्या खुर्चीमागे उभं राहून, त्यांचे घोडे मरताना बघून.

आधी परवाच्या अरबीचं बोलू, कारण ते सगळ्यात जास्त लागलंय आणि ही चूक सगळेच करतात. तू खाली उतरलास, गोळीबार सुरू झाला आणि बघतोस तर हातात फक्त पिस्तूल. रायफल खोगिरावर राहिलेली. म्हणून शिट्टी मारलीस. इथेच घोडं पेंड खातं. या गेममध्ये लांब बंदुका खोगिराला अडकवलेल्या असतात, आणि उतरण्याआधी त्या निवडल्या नाहीत तर बऱ्याचदा तिथेच राहतात. मग माणूस दगडाआड बसून शिट्टी मारतो आणि घोडा समोरच्या दहा बंदुकांमधून धावत येतो. तो येतो कारण तू बोलावलंस.

माझी बिजली अशीच गेली. मिसूरी फॉक्स ट्रॉटर जातीची घोडी होती. गेममधल्या व्हॅन हॉर्न गावच्या धक्क्यापाशी भांडण पेटलं आणि मी एका शेडमागे अडकलो. तिच्याशी माझं नातं चौथ्या पातळीवर पोहोचलं होतं, म्हणजे गेममध्ये जेवढं होऊ शकतं तेवढं. या पातळीला घोडा खूप लांबून शिट्टी ऐकतो. मी शिट्टी मारली तेव्हा ती नजरेतही नव्हती. झाडांतून बाहेर आली, कान मागे पाडलेले, सरळ माझ्याकडे निघाली आणि वाटेतच कोसळली. पिशवीत रिव्हायव्हर होता, पण तिच्यापर्यंत पोहोचायला मधलं मोकळं मैदान ओलांडावं लागणार होतं. पोहोचलो तोवर वेळ निघून गेली होती. कमी जीव लावलेला घोडा असता तर त्याला ती शिट्टी कदाचित ऐकूच गेली नसती. त्या दिवसापासून मी चालू गोळीबारात शिट्टी मारलेली नाही, एकदाही नाही.

आता त्यावर उपाय. कुठल्याही वाड्यापाशी, छावणीपाशी, संशयास्पद माणसापाशी उतरण्याआधी घोड्यावर बसलेला असतानाच शस्त्रांचं चक्र (पडद्यावर शस्त्र निवडायचं गोल) उघड आणि दोन्ही लांब बंदुका अंगावर घे. हे हाताला इतकं सवयीचं झालं पाहिजे, जसं आपण घरातून निघताना किल्ली चाचपतो. उतरल्यावर घोड्यावर नजर रोखलीस की त्याला पळून जायला सांगण्याचा पर्याय येतो. गोळीबार होणार अशी शंका जरी आली तरी तो वापर. घोडा लांब निघून जातो, चरत राहतो, आणि सगळं शांत झाल्यावर तू बोलावलंस की येतो. खांबाला बांधायचंच असेल तर घराच्या मागच्या बाजूला बांध. बांधलेल्या घोड्याला भीती वाटली तरी पळता येत नाही. दारासमोरच्या खांबाला बांधलेले घोडे पोरांचे फार जातात. दार उघडून बाहेर येणारा पहिला माणूस ज्या दिशेने गोळी झाडतो, बरोबर त्याच दिशेला घोडा उभा असतो.

आता कड्याचं आणि झाडांचं. हे मला गेमने नाही, माथेरानने शिकवलं. गेल्या पावसाळ्याआधी भाचीला घेऊन गेलो होतो. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात, तिथून पुढे भाचीसाठी घोडा घेतला. आमच्या घोडेवाल्या काकांनी भाचीला बसवायच्या आधी घोड्याच्या चारही पायांवरून हात फिरवला, एकेक खूर उचलून नाल बघितली, पोटाखालचा तंग एक बोट आत जाईल इतका कसला. मग लगाम तिच्या हातात देताना म्हणाले, "ताई, लगाम सैल ठेवा. उतारावर तुम्ही ओढाल तर त्याची मान वर येईल आणि त्याला स्वतःचे पाय दिसणार नाहीत. वाट त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे." लाल मातीच्या त्या उतारावर घोडा खरोखरच मान खाली घालून एकेक दगड बघत उतरला. मी मागून चालत होतो आणि डोक्यात गेममधल्या बिग व्हॅलीतलं जंगल होतं.

घरी येऊन करून बघितलं. जंगलातून भरधाव जाताना आपण दिशेचं बटण दाबून धरतो आणि घोड्याला झाडात घालतो. घोडा आदळतो, आपण उडून पडतो, घोड्याची तब्येत उतरते. तेच बटण जरा सोडून बघ. वेग तसाच ठेव, फक्त दिशा त्याच्यावर सोड. तो स्वतः झाडं चुकवतो, खडकाला वळसा घालतो. सगळीच झाडं चुकवेल असं नाही, पण तू जितकी चुकवतोस त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. तुझ्या मनात एक सरळ रेघ असते, नकाशावरच्या खुणेपर्यंतची. त्याच्या डोळ्यांसमोर जमीन असते.

कड्यापाशी मात्र त्याच्यावर सोडून चालत नाही. डोंगरात दौड करायचीच नाही, हे ठरवून टाक. पुढची जमीन दिसत नसेल, म्हणजे चढ संपतोय आणि पलीकडे नुसतं आकाश आहे, तर वेग काढून घे आणि दुडकी चालीवर ये. तुझा दुसरा घोडा अशाच ठिकाणी गेला असणार असं मला वाटतं: चढावर टाच मारत राहिलास आणि माथ्यावर पोहोचल्यावर थांबायला जागाच उरली नाही. उतार फार तीव्र असेल तर खाली उतर, लगाम हातात धर आणि चालव. वेळ लागतो, पण घोडा धरून चालवला की त्याच्याशी नातंही वाढतं, त्यामुळे तो वेळ फुकट जात नाही. रात्री अनोळखी वाटेने जायचं असेल तर रस्ता सोडू नकोस. नकाशावर खूण कर, सिनेमासारखा कॅमेरा लाव आणि चालण्याचं बटण धरून ठेव. घोडा रस्त्यारस्त्याने आपला आपण जातो.

रेल्वेबद्दल थोडक्यात सांगतो. तू ऐरोलीचा आहेस, ट्रान्सहार्बरने ये-जा करत असशील. रूळ ओलांडू नका ही सूचना रोज कानावर पडते. तीच इथे पाळ. गेममधला बार्ड्स क्रॉसिंगचा तो उंच लाकडी रेल्वेपूल डकोटा नदीवरचा, दिसायला फार सुंदर. त्यावर घोडा घालण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. मधोमध गेल्यावर मागून इंजिनाची शिट्टी ऐकू आली तर बाजूला व्हायला जागा नाही, खाली दरी. माझ्याकडे एका मुलाने शेवटच्या क्षणी स्वतः उडी मारली आणि घोडा पुलावर राहिला. इंजिनाखाली आलेल्या घोड्याला कुठलंही औषध चालत नाही. नदी ओलांडायला खाली उथळ जागा असते, ती शोध. सेंट डेनिसमध्ये ट्राम आहेत, तिथेही हाच नियम: शहरात शिरलास की चालच.

लांडग्यांचं जरा नीट सांगतो, कारण तिथे घोड्याचं ऐकणं सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. अम्बारिनोच्या बर्फात किंवा कंबरलँडच्या जंगलात जाताना घोड्याच्या कानांकडे बघत जा. लांडगा तुला दिसायच्या आधी त्याला कळलेलं असतं. कान फिरतात, फुरफुरतो, चाल अडखळते. तिथे पुढे रेटलंस तर तो उधळतो, तुला पाडतो आणि तू जमिनीवर, तो एकटा, अशी वेळ येते. त्याऐवजी लगेच थाप मार. घोड्यावर बसल्याबसल्या गोंजारण्याचं बटण आहे, ते दोन-तीनदा दाबलंस की तो सावरतो. मग वळव आणि दुसऱ्या वाटेने जा. पुढे जाणं भागच असेल तर घोडा शांत झाल्यावरच बंदूक काढ. बायू न्वाच्या दलदलीत मगरी आहेत, तिथे पाण्याच्या कडेने जाऊ नकोस. सापाला तर सगळेच घोडे घाबरतात.

आणि लांडग्यांनी तुला पाडलंच, तर घोडा पळून जाऊ दे. हे पोरांना फार जड जातं. त्यांना वाटतं घोडा गेला. तो गेलेला नसतो, तो वाचलेला असतो. आधी लांडगे संपव, मग बोलाव.

नात्याबद्दल. आपल्याकडे जुनं कोडं आहे: पान का सडलं, घोडा का अडला, भाकरी का करपली? तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. नवा घोडा मिळाला की पोरं त्याला पहिल्याच दिवशी दरोड्यात घेऊन जातात. तो घोडा अनोळखी असतो, भेदरतो, पाडतो, गोळी खातो. गेममध्ये नात्याच्या चार पातळ्या आहेत आणि प्रत्येक पातळीला घोड्याची ताकद आणि दम दोन्ही वाढतात, तो कमी घाबरतो. म्हणून नवीन घोड्याला आधी दोन-तीन दिवस नुसतं फिरव. गोंजार, खाऊ घाल, खरारा कर. माझ्याकडे तुझ्याच वयाची एक मुलगी येते, घणसोलीची. तिने सुरुवातीला मिळतो तो टेनेसी वॉकर जातीचा घोडा कथेच्या सहाव्या प्रकरणापर्यंत सांभाळला. बाकीची पोरं तिला चिडवायची की किती साधा घोडा वापरतेस. मी तिच्यामागे उभा राहून बघितलं. ती दर वेळी उतरली की आधी घोड्याभोवती एक चक्कर मारायची, कुठे चिखल लागलाय बघायची आणि दोन वेळा खरारा करायची. मगच दुकानात शिरायची. तिचा घोडा कधी मळकट दिसलाच नाही. मळलेल्या घोड्याची तब्येत लवकर उतरते, हे खेळणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना वर्षभर खेळूनही माहीत नसतं. ब्रश काढायचा कंटाळा आला तर नदीतून एकदा फिरवून आण, अंगावरची घाण धुऊन निघते. पाऊसही ते काम करतो. फक्त खोल पाण्यात नेऊ नकोस. पोहताना घोड्याचा दम वापरला जातो, आणि मधल्या धारेत दम संपला तर घोडा बुडतो.

चंदीकडे लक्ष दे. खाली कोपऱ्यात घोड्याच्या दोन खुणा असतात, तब्येत आणि दम. त्या अर्ध्यावर यायच्या आत खाऊ घाल. ओटकेक, सफरचंद, रानातली गाजरं, गवत, काहीही. औषध वेगळं ठेव. घोड्याला गोळी लागली आणि तो अजून उभा असेल तर बसल्याबसल्या औषध देता येतं, आणि त्या एका डोसाने तो त्या जागेतून बाहेर पडण्याइतका सावरतो. सतत टाच मारत जाऊ नकोस. टापांच्या ठेक्यावर बटण दाबलंस तर दम कमी खर्च होतो. हे कानाने करायचं असतं, पडद्याकडे बघून नाही. हेडफोन लावून एक रपेट मारून बघ.

आता रिव्हायव्हर. तो तबेल्यात मिळतो, व्हॅलेंटाइन, स्ट्रॉबेरी, ब्लॅकवॉटर अशा गेममधल्या गावांत, जिथे तबेला असेल तिथे. निदान दोन ठेव, एक वापरल्यावर दुसरा आणायला जाणं म्हणजे वरातीमागून घोडं. घोडा पडून तडफडत असेल तरच तो चालतो आणि तेही थोडाच वेळ. जागच्या जागी मेलेल्या घोड्याला तो चालत नाही. म्हणून त्याच्या भरवशावर घोडा धोक्यात घालणं चूक. काही लोक २०१० च्या पहिल्या भागाच्या सवयीने खेळतात. तिथे घोड्याचा कागद असला की घोडा परत मिळायचा. इथे कथेत मेलेला घोडा मेला. गेमच्या ऑनलाइन भागात घोड्याचा विमा असतो, ते वेगळं.

एक गोष्ट मात्र तुझ्या हातात कायम आहे: सेव्ह. तबेल्यातून निघताना, लांबच्या प्रवासाआधी, मोठ्या मोहिमेआधी स्वतः सेव्ह कर, वेगळ्या जागी. गेम स्वतः सेव्ह करतो तो एकच ठेवलास तर घोडा मेल्यानंतरचा क्षण जुन्यावर चढून बसतो. घोडा मेला आणि तुला तो परत हवा असेल तर पुढे काहीही न करता लगेच जुना सेव्ह उघड. काही जणांना हे खोटं खेळल्यासारखं वाटतं. मला वाटत नाही. ज्या घोड्याला महिनाभर चारलं, त्याच्यासाठी दहा मिनिटं मागे जायला काहीच हरकत नाही. अरबी पकडण्याआधीचा किंवा पकडल्यावर लगेच केलेला एखादा सेव्ह तुझ्याकडे आहे का, ते आजच बघ.

नसेल तर पुढचा घोडा कोणता, हाही प्रश्न आहे. मी ठाण्याचा, घोडबंदर रोडवर रोजचं जाणं-येणं. पोर्तुगीजांच्या काळात अरबी घोडे या खाडीतल्या बंदरात उतरायचे, त्यावरून हे नाव पडलं, असं लहानपणापासून ऐकलंय. त्यामुळे अरबी घोड्याचं वेड मला समजतं. लेक इझाबेलाच्या बर्फातून तो पांढराशुभ्र घोडा पहिल्यांदा चालत येताना दिसला तेव्हा मीसुद्धा कंट्रोलर खाली ठेवला होता. पण तो नाजूक मनाचा आहे. लवकर बिचकतो. तुला गोळीबाराची आवड आहे असं तुझ्या लिहिण्यावरून दिसतं. तुझ्यासाठी लढाईच्या जातीचा घोडा बरा: हंगेरियन हाफब्रेड, अँडलुशियन किंवा आर्डेन्स. वेग थोडा कमी, पण काळीज मोठं. गोळीच्या आवाजाला, लांडग्याला सहज उधळत नाहीत. अरबीसारखा वेगवान घोडा हवाच असेल तर तो तबेल्यात ठेव आणि लांबच्या निवांत रपेटीला काढ. दोन घोडे, दोन कामं.

एक लहानशी गोष्ट, जी विसरतात. घोडा मेला तरी खोगीर जागेवर असतं. ते उचलून नव्या घोड्यावर चढवता येतं. चांगल्या खोगिराने घोड्याची ताकद आणि दम सावकाश उतरतो, त्यामुळे ते मागे टाकून निघू नकोस. लांब असशील तर थोडं चालावं लागेल, चाल.

रविवारी दुपारी माझ्याकडे गर्दी कमी असते. तीन नंबरच्या मशीनवर माझा सेव्ह आहे, बिग व्हॅलीच्या पश्चिमेच्या जंगलाच्या तोंडाशीच उभा. ये, घोड्यावर बस, वेग घे आणि दिशेवरचं बोट उचल. पहिली दहा झाडं जाईपर्यंत तुला धीर धरवणार नाही, मलाही धरवला नव्हता. मी मागे उभा राहीन.